भरती आणि थर्लोची गाडी

आमच्या मिनास खाडीत समुद्र दिवसातून दोनदा घर सोडून जातो, आणि तो गेला की आम्ही त्याच्या घरात शिरतो. मैलभर आत, थेट त्याच्या तळावर, आम्ही खांब आणि जाळ्यांचं कुंपण घालून ठेवलंय. ओहोटीला मासे त्यात अडकतात. मालक परतायच्या आत ते उचलायचे आणि निघायचं. याला इथे मासेमारी म्हणतात. घरफोडी म्हटलं असतं तर परवाना मिळाला नसता.

माझा जोडीदार थर्लो, म्हणजे माझ्या बायकोचा, एव्हिसचा, धाकटा भाऊ. धाकटा असला तरी आता साठीच्या पुढे गेलाय आणि त्याच्या डाव्या गुडघ्यात स्टील आहे. चिखलात अंगणाएवढं चालला की तो थांबून क्षितिजाकडे पाहतो. लोकांना वाटावं, गडी निसर्गप्रेमी आहे. म्हणून आम्ही जातो ते त्याच्या गाडीवरून. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे माशांचे डबे ठेवायला जाळी.

त्या जूनच्या सकाळी डबे भरले आणि धुकं आलं. कुंपणाचा पुढचा खांब दिसेनासा झाला.

"चला दाजी," थर्लो म्हणाला आणि त्याने ब्रेक दाबून बटण दाबलं.

कट्ट.

पुन्हा दाबलं. कट्ट. समोरचा दिवा मेल्यासारखा झाला आणि बटण सोडल्यावर परत लख्ख पेटला.

"तुम्ही डबे चढवताना काहीतरी हलवलंत," थर्लो म्हणाला.

"मी मासे चढवले. मासे वायरी ओढत नाहीत."

"तुमचा काही नेम नाही हो."

आम्ही दोघंही हसलो. ते हसणं जरा लवकर संपलं.

कारण सांगतो. आम्ही आणि किनारा यांच्या मधे एक खोलगट चर आहे. भरती समोरून येत नाही. ती आधी त्या चरात शिरते, गुपचूप, मागच्या दाराने. चर भरला की माणूस इकडे आणि त्याचं घर तिकडे. तसं राहून गेलेल्यांची नावं आमच्या चर्चच्या भिंतीवर आहेत, आणि दर रविवारी थर्लो बरोबर त्यांच्याखाली बसतो, कारण तिथे हीटर आहे. फोनला इथे रेंज नाही. ढकलून चालू व्हायची सोय या गाड्यांत नसते. आणि थर्लोच्या गुडघ्याला मैलभर चिखल म्हणजे चंद्र.

"बॅटरी बसली," मी म्हणालो.

"बसली असती तर दिवा एवढा पेटला असता का? पाना द्या."

सीट काढली. बॅटरीची दोन्ही टोकं सोडवली, चाकूने घासली, गच्च आवळली. कट्ट. मग त्याने स्टार्टरला वीज सोडणाऱ्या रिलेच्या दोन बोल्टांवर आडवा स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली, स्टार्टर आजाऱ्यासारखा कण्हला आणि गप्प झाला.

"रिले चांगलाय," थर्लो म्हणाला.

"छान. घरी कळवू या."

तेवढ्यात बुटाजवळ काहीतरी हललं. पातळ पाणी, पत्रावळीवर वरण पसरावं तसं, चाकांच्या खुणांमधून पुढे सरकत होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी उलट्या दिशेने गेलेलं पाणी तेवढंच.

थर्लोनेही ते पाहिलं. पाना खाली ठेवून तो म्हणाला, "दाजी, तुम्ही निघा."

"कुठे?"

"घरी. चर अजून कमरेएवढाच असेल. एव्हिसला सांगा, थर्लो गाडीपाशी थांबलाय."

"आणि ती विचारेल, कुठवर थांबलाय, तर?"

आपलं तोंड मला दिसू नये म्हणून तो बॅटरीत वाकून पाहू लागला. मी गेलो नाही. याला लोक नंतर शौर्य म्हणाले. खरं म्हणजे त्या धुक्यात एकट्याने पाऊल टाकायच्या कल्पनेनेच माझे गुडघे त्याच्या गुडघ्यापेक्षा वाईट झाले होते.

"अजून एकदा दाब," मी म्हणालो, आणि आधाराला गाडीची मागची चौकट धरली.

कट्ट. कट्ट.

मी हात झटकला. सगळं गार होतं, लोखंड, मासे, आम्ही. पण एक बोल्ट चहाच्या किटलीसारखा गरम होता. बॅटरीची अर्थची जाड वायर जिथे चौकटीला जोडलेली होती, तोच. वास येत होता, भाजलेल्या रंगाचा.

"थर्लो, ही चौकट हिरवी का आहे?"

"मार्चमध्ये रंगवली. होडीचा रंग उरला होता."

आमच्या गावात होडीचा उरलेला रंग टाकून देत नाहीत. पत्रपेटी, पायऱ्या, कुत्र्याचं घर, सगळी घरं एकाच होडीची पिल्लं दिसतात. थर्लोने मिठापासून वाचवायला चौकटीला तीन हात दिले होते आणि रंगावरच वायर पक्की आवळली होती. इतके दिवस बोल्टच्या आट्यांतून जेमतेम करंट जात होता. आटे गंजले आणि तोही थांबला.

"किती सुंदर रंगवलंस रे," मी म्हणालो. शिव्या आठवत नव्हत्या.

पाणी घोट्यावर आलं होतं. थर्लोने बोल्ट सोडवला. बोटं बधिर होती. बोल्ट निसटला, डुबुक् झालं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून गढूळ पाण्यात चिखल चाळू लागलो. त्याचा स्टीलचा गुडघा वाकल्यावर तो ओरडला, पण चाळत राहिला. शिंपले मिळाले. बोल्ट मिळाला नाही.

"सोड!" मी ओरडलो. "घास आधी!"

मासे चिरायच्या चाकूने त्याने रंग खरवडला. रुपयाएवढं लोखंड चमकलं. मी वायरीचं टोक त्यावर ठेवलं आणि मोठ्या पकडीने चौकटीसकट आवळलं.

"पकड सुटली तर?" थर्लोने विचारलं.

"दाब, गाढवा!"

स्टार्टर फिरला. एकदा अडला. माझ्या तोंडून प्रार्थना निघाली की शिवी, देव जाणे. मग इंजिन लागलं.

थर्लो कसाबसा चढला. मी मागे डब्यांवर आडवा, दोन्ही हातांत पकड. सोडली तर इंजिन चालेल की बंद पडेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासायची हौस नव्हती. चाकांच्या खुणा पाण्याखाली गेल्या होत्या. चारी बाजूंना एकच पांढरं.

"दाजी, कुठे जाऊ?"

"पाणी वाहतंय तिकडे! ते किनाऱ्याकडेच निघालंय!"

म्हणून आम्ही समुद्राच्या मागे मागे घरी निघालो. चरात गाडी उतरली तेव्हा पाणी माझ्या कोपरांशी आलं, डबे तरंगले, मासे एकेक करून आपल्या घरी गेले. इंजिन खोकलं. थर्लो गाडीशी बोलत होता, लहान मुलीशी बोलावं तसं, "ये ग, ये ग, जरासंच." पुढची चाकं चढली. मग गोटे लागले, मग गवत.

एव्हिस किनाऱ्यावर उभी होती. तिने थर्लोला उतरवलं, त्याच्या थोबाडीत मारली आणि मिठी मारली. मग माझ्याकडे आली.

"उतर की आता."

"पकड सोडता येत नाही," मी म्हणालो.

"इंजिन बंद केलंय त्याने कधीच."

ते मला ठाऊक होतं. मी बोटांना तसं सांगतही होतो. शेवटी तिने माझी बोटं एकेक करून उलगडली.