सुधारणांची यादी

कोवालिकबाईंनी मोजपट्टी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली आणि हातातल्या यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“कपाटं नवीन?”

“एकदम नवीन,” हॅलोरन म्हणाला. “माझ्याच माणसांनी बसवली.”

वर्नेटानं हातातलं फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. ही कपाटं तिच्या नवऱ्यानं, एल्विननं, तळघरात रंधा मारून केली होती. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या या घरात ती अकरा वर्षं भाड्यानं राहत होती. चार महिन्यांपूर्वी म्हाताऱ्या मालकानं घर हॅलोरनला अठ्ठावन्न हजार डॉलरना विकलं आणि आता हॅलोरन तेच तिला त्र्याण्णव हजारांना विकत होता. मधल्या काळात त्यानं एक खिळा ठोकला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

एल्विनच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या बिलांनी तिची पत बुडाली होती, त्यामुळे कर्ज मिळालं ते चढ्या व्याजाचं. अशा कर्जात घर काही महिन्यांतच वाढीव किमतीला पुन्हा विकलं जात असेल, तर बँकेला किंमत ठरवणारा दुसरा व्हॅल्युअर पाठवावा लागतो. त्यानं घरात शिरून पाहायचं आणि किंमत का वाढली ते लिहायचं. त्यासाठीच कोवालिकबाई आल्या होत्या आणि त्यांच्यासाठीच हॅलोरननं ही यादी रचली होती.

त्या तळघरात उतरल्या तसा तो वर्नेटाच्या कानाशी आला.

“वर्नेटा, तोंड उघडू नकोस. किंमत कमी आली तर बँक हात वर करेल. मला काय, दुसरं गिऱ्हाईक मिळेल. तुझं सामान मात्र रस्त्यावर येईल.”

“मिसेस पेटिग्रू म्हणायचं,” ती म्हणाली. तो तिच्या मुलाहूनही लहान होता.

यादीतली तळघराची भिंतही हॅलोरननं स्वतःच्या नावावर खपवली. वर्नेटानं तेही चालवून घेतलं. घर तिला हवंच होतं. मग तिघं मागच्या दारी आली.

“सिमेंटच्या पायऱ्या,” कोवालिकबाईंनी वाचलं.

“त्या तर मी स्वतः उभं राहून करून घेतल्या. आधी नुसतं कुजलेलं लाकूड होतं.”

वर्नेटाच्या डोक्यात सणक गेली. ती वाकली आणि वरच्या पायरीवरची जिरेनियमची जड कुंडी दोन्ही हातांनी बाजूला ओढली. तिथे कुणाचा पाय पडू नये म्हणून तिनंच ती ठेवली होती.

सिमेंटमध्ये हाताचे दोन पंजे उमटलेले होते, एक तिचा आणि एक एल्विनचा. मोठ्या पंज्याची करंगळी अर्धीच होती. एल्विनची उरलेली करंगळी काचेच्या कारखान्यात गेली होती. खाली काडीनं कोरलं होतं : १४ जून २०१८.

“घर नकोय वाटतं तुला?” हॅलोरन दात आवळून म्हणाला.

“हवंय. पण माझ्या नवऱ्याच्या घामाचे पैसे तुला देऊन नको.”

कोवालिकबाईंनी पायरीचा फोटो काढला, मग आणखी जवळून एक. यादी मिटून त्यांनी बॅगेत टाकली आणि वहीचं कोरं पान उघडलं.

“कपाटांपासून पुन्हा सुरुवात करू या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगा, मिसेस पेटिग्रू.”