ताईबाईचा अंगठा आणि माझा तांबडा दिवा

मित्रांनो, सेवा केंद्रात ज्याच्या काचेवर लोक अंगठा टेकवतात ना, तेच मी जुनं यंत्र. तळहाताएवढं. माझ्यात एकच दिवा आहे. अंगठ्याची ओळख पटली तर तो हिरवा होतो, नाही पटली तर तांबडा. तिसरं उत्तर मला कोणी शिकवलेलंच नाही, आणि हल्ली मला त्याचीच भीती वाटते.

माझी पहिली नोकरी दौंडला, स्टेशनजवळच्या एका दुकानात. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबूलोक यायचे. जन्मभर पेन धरलेली ती बोटं! नुसती टेकली की हिरवा दिवा. "झकास मशीन हाय!" असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची. मला वाटायचं, ही सगळी माझीच हुशारी.

पुढे दुकानदाराने नवं यंत्र घेतलं आणि मला केंदूरकडच्या एका वस्तीवर, विनोदच्या केंद्रात विकलं. निराधार म्हाताऱ्यांना सरकार दरमहा थोडे पैसे देतं. ते चालू राहायचे तर आपण जिवंत आहोत हे त्यांना वर्षातून एकदा माझ्यासमोर सिद्ध करावं लागतं. इथे माझा तोरा पार उतरला. खुरपं धरून, कांद्याची पात कापून इथली बोटं झिजून गेलेली.

त्यांतलीच एक ताईबाई. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. नवरा म्हाळू गेल्यापासून तिची चूल आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्याच पैशांवर. फेब्रुवारीत ती आली, अंगठा टेकवला. तांबडा.

"हात मळलाय आजी. चांगला घासून, धुऊन या," विनोद म्हणाला. माणूस वाईट नाही. तो सगळ्यांनाच असं सांगतो.

पण ताईबाईने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या खेपेला ती हसतच आली. "राख लावून वजरीनं घासलाय बग, लेकरा. भांड्यावानी लख्ख केलाय!"

वजरी म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड. माझ्या तर अंगावर काटा आला. मला हव्या असतात अंगठ्यावरच्या रेघा, आणि ती बिचारी नेमक्या त्याच पुसून टाकत होती! मला दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. तांबडा. विनोदचे डोळे स्क्रीनवरच होते. "अजून साफ करा आजी. एकतीस मार्चच्या आत या, न्हाईतर नाव कटंल."

तिसऱ्या खेपेला दहाही बोटं टेकवून झाली. सगळी तांबडी. जयसिंग आबा सातबारा काढायला आले होते. ताईबाईने तीस वर्षं त्यांच्याच वावरात कांदा काढलेला.

"आरं विनोद, ही ताईबाई हाय. मी वळखतो की! लिव्ह तसं."

"कुठं लिहू आबा? हितं तसा रकानाच न्हाई."

"म्हंजी माणूस म्होरं उभं हाय, आन् त्याला जित्तं म्हणाया रकाना न्हाई?"

विनोदने वरच्या कचेरीत फोन लावला. मशीनवरच घ्या, असं उत्तर आलं. जाताना ताईबाई एवढंच पुटपुटली, "आजून घासते."

एकतीस मार्चला दुपारी ती आली तेव्हा अंगठ्याला चिंधी होती. चिंधी सोडून तिने अंगठा टेकवला. काचेला काहीतरी ओलं लागलं. इतक्या खेपांत तिची खूण माझ्यावर पहिल्यांदाच उमटली होती, आणि ती रक्ताची होती.

"आजी! ह्ये काय केलंत?" विनोद ओरडलाच.

"तूच म्हनलास ना, घासून या."

माझा दिवा तांबडाच लागला. 'हयात असल्याची खात्री झाली नाही' असा शेरा पडून तिचं नाव यादीतून गेलं. विनोदने माझी काच दोनदा पुसली.

एप्रिलचे पैसे आले नाहीत. ताईबाई आता गोळी एक दिवसाआड घेते म्हणे. वस्तीवरचं कोणी केंद्रात शिरलं की मला धडकी भरते. आता काय ऐकावं लागणार, कोण जाणे.

मित्रांनो, मला फोडून टाका असं मी म्हणत नाही. पण माणूस जिवंत आहे की नाही, हा निवाडा एकट्या माझ्यावर सोपवू नका. माझा दिवा तांबडा झाला तर कोणी अधिकारी त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊ दे, शेजाऱ्यांची साक्ष कागदावर घेऊ दे. आणि तोवर पैसे थांबवू नका. तुमच्यातले काहीजण उद्या त्या कचेऱ्यांत बसतील. त्यांनी आबांनी मागितलेला तो एक रकाना तेवढा वाढवावा.

आणि आज घरी गेलात की आजीचा अंगठा उजेडात धरून पाहा. रेघा दिसतात का? येत्या फेब्रुवारीत ती माझ्यासमोरच येणार आहे.