उरलेला दोरा

दोरा उरला! बोटभर लाल दोरा दोरेबाबांनी चिमटीत उंच धरला आणि गच्च भरलेल्या हॉलमध्ये एकच "आहा!" उमटला.

"गेल्या खेपेला हाच दोरा मानेला जेमतेम पुरला होता. बघा, गाठ वितळली! अन्न बंद, की गाठीची रसद बंद. गाठ उपाशी, माणूस तुपाशी!"

उरलेला तुकडा कापून त्यांनी दिव्यावर जाळला. ज्याची मान मोजली, तो खुर्चीतला माणूस हसला, पण हसतानाही त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं ते पाहिलं.

घशाच्या कॅन्सरसाठी त्याचं रेडिएशन चालू होतं. तोंड आतून सोलवटलेलं, घोटभर दूध गिळायचं तरी जिवावर येई. नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडू, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "वजन असंच उतरलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतील," हेही त्यांनी बजावलं होतं. पण ज्याला गिळणंच नको झालंय, त्याला उपास सांगणारा माणूस देवच वाटणार. धाकट्या दिरानं दोरेबाबा शोधले, नवऱ्यानं नळीला साफ नकार दिला आणि आता तो नुसत्या पाण्यावर होता.

"वहिनी, दोरा काय खोटं बोलतो?" दीर कुजबुजला.

दोरा खोटं बोलत नव्हता, म्हणून तर तिला भीती वाटत होती. ती उठली आणि भर सभेत तिनं नवऱ्याचा शर्ट वर केला.

"बाबा, ह्यांच्या पट्ट्याला आज सकाळी मी खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं. मानेतली गाठ वितळली म्हणता, मग कंबरेत कुठली गाठ होती?"

बाबा दोरा गुंडाळू लागले.

"श्रद्धा नसली की..." बाबा पुटपुटले.

"दोरा गाठ मोजत नाही, मान मोजतो. तुम्ही बसा आठवडाभर पाण्यावर. बघू तुमचा दोरा उरतो की नाही!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं मात्र शेजारच्या आपल्या म्हाताऱ्याचं मनगट हातात धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याची मान चाचपली. "गाठ जागच्या जागी आहे. तिला उपास घडत नाही हो. बाहेरून मिळालं नाही, तर ती अंगातलं ओरबाडते."

"उपचार पुरे होतील ना?" तिनं विचारलं.

"आधी ताकद भरू दे. मग सांगते."

या वेळी नवऱ्यानं नकार दिला नाही. नळी आत सरकताना त्यानं तिचा हात धरला. त्या पकडीत जोर असा नव्हताच. दीर दाराशी मान खाली घालून उभा होता.

"आहा!" म्हणणाऱ्यांनो, एवढं तरी विचारा: दोरा उरला, तर कमी काय झालं?