पर्ससकट वजन

पायांना आधाराला पट्ट्यांनी बांधलेले कॅलिपर काढले की माझ्या आलियाला उभं राहता येत नाही, म्हणून पनवेलच्या दवाखान्यात तिचं वजन माझ्यासकट करतात. आधी तिला उचलून मी काट्यावर चढते, मग एकटी. दिपिका सिस्टर वजाबाकी करते.

आलिया नऊ वर्षांची. तिला जन्मतःच स्पायना बिफिडा. पाठीचा कणा उघडाच राहिलेला. ऑपरेशन झालं, पण पायांत जाणीव आली नाही. पाय काड्यांसारखे. ते बघून माझा जीव तुटायचा. कुवेतहून तिचे अब्बा हाफिज दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचे, "हाजरा, पाय भरले का गं?" मग मी नारळाच्या दुधातले घावन, तुपातला शिरा भरवत सुटले. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते की हे खाणं पायांना लागत नाही, चरबी पोटावर आणि मांड्यांवर चढते. वजन असंच वाढलं तर कॅलिपरवर चालणं कायमचं बंद होईल. आणि आलियाला तर शाळेच्या गेटपासून वर्गापर्यंत स्वतः चालत जायचं असतं. सगळं कळत होतं मला, पण हात आवरत नव्हता.

जानेवारीत एकटी काट्यावर चढताना सवयीने पर्स खांद्याला अडकवली. तिच्यात डब्यापासून औषधांपर्यंत सगळं असतं. वजाबाकीत आलियाचं वजन दोन किलो कमी भरलं. डॉक्टर खूश झाले, मला शाब्बास म्हणाले. खरं सांगायला माझं तोंड उघडलंच नाही. पुढच्या वेळी तर पर्समध्ये भरलेली पाण्याची बाटलीही ठेवली. लाज कुठे ठेवली होती, अल्ला जाणे.

परवा कॅलिपर काढले, तर मांडीवर पट्ट्याखाली रुपयाएवढी जखम. पट्टा मांसात रुतला होता आणि पोरीला पत्ताच नाही. "दुखत नाही गं अम्मी," तीच मला समजावत होती. मी मोरीत जाऊन रडले.

आज डॉक्टर जुने कागद चाळत म्हणाले, "वजन तर वाढलेलं नाही, मग पट्टा काचला कसा? जखम भरेपर्यंत कॅलिपर बंद." आलियाने मान खाली घातली.

सिस्टरने काटा पुढे ओढला. दोघींचं वजन झालं. आलियाला खुर्चीत बसवलं आणि एवढं होऊनही माझा हात पर्सकडे गेलाच.

पर्स आलियाने आधीच छातीशी धरली होती.

"दर वेळी तू घेतेस," ती हळूच म्हणाली. "आज मी धरते, अम्मी."