जांभळं प्रवाळ तपकिरी पडलं तेव्हा

रंगकाकांना रंगातलं काही सांगायला जाणं म्हणजे फुकटचा अपमान करून घेणं. जन्मभर रंगाच्या दुकानात उभं राहून त्यांनी रंग मिसळून दिले. गिऱ्हाईक खिशातून भिंतीचा पोपडा काढायचं, काका तो उजेडात धरायचे, दोन-चार डब्यांतले थेंब घालून ढवळायचे, आणि भिंत वाळल्यावर जुना रंग कुठे संपला नि नवा कुठे सुरू झाला, हे खुद्द घरमालकाला सांगता यायचं नाही. पुढे दुकानात रंग मिसळणारं यंत्र आलं, तर काका त्याच्याही चुका काढायचे. असा हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली आणि तिच्यात दगडी प्रवाळं वाढवायला घेतली. तीही अर्थात रंगांसाठीच.

दगडी प्रवाळ म्हणजे काय, हे त्यांनी काकूंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. दिसायला झाड, हाताला दगड, आणि खरं तर इवल्या इवल्या जिवांची वसाहत. जो तो आपापल्या भोकात राहतो आणि सगळे मिळून दगड वाढवत नेतात.

"म्हणजे आपली सोसायटीच की, फक्त भांडणं नाहीत," काकू म्हणाल्या.

"भांडतात ना. शेजारी फार जवळ आला की दंश करतात."

टाकीत प्रवाळं बरीच होती, पण काकांचा जीव एका जांभळ्यावर. बोटाच्या पेराएवढा तुकडा आणून त्यांनी तो चिकटवला होता, आणि वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून त्याचं परातीएवढं झुडूप केलं होतं. ते गेलं तर पुन्हा तेवढं वाढवायला आपल्याकडे आयुष्य कुठलं, असं काका म्हणायचे, आणि ते गमतीत म्हणत नसत.

आणि तेच जांभळं तपकिरी पडायला लागलं.

आधी काकांना ते नुसतं मळकट वाटलं, मग विटकरी, मग सरळ चहाचा चोथा. प्रवाळ तपकिरी पडलं की त्याला उजेड कमी पडतोय, हे या नादातल्या कुणालाही ठाऊक असतं. काकांनी टाकीवरचा दिवा वाढवला. फरक पडेना, म्हणून आणखी वाढवला.

"अहो, छान जांभळं आहे की ते," काकू म्हणाल्या.

"तुला काय, तुला वांगंही जांभळं आणि कांदाही जांभळा."

"असतातच ते जांभळे."

काकांनी असा काही चेहरा केला की काकूंनी हात टेकले. पण त्या दर दोन दिवसांनी तेच सांगत राहिल्या आणि काका दिवा वाढवत राहिले.

मग एका सकाळी झुडपाच्या फांद्यांची टोकं पांढरीफटक दिसली. काकांचं धाबं दणाणलं. तपकिरी म्हणजे उजेड कमी, पांढरं म्हणजे उजेड जास्त. एकाच झुडपाला दोन्ही कसं? त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांच्याही घरी अशीच टाकी, आणि दोघांची प्रवाळाच्या तुकड्यांची देवाणघेवाण चालायची. दवाखाना आटोपून बाई तडक आल्या, टाकीसमोर वाकल्या आणि त्यांनी आधी दिवा निम्म्यावर आणला.

"काका, भाजून काढलंत की हो यांना. इतका उजेड कशाला?"

"तपकिरी पडलं म्हणून."

"कुठलं तपकिरी पडलं?"

काकांनी बाईंकडे पाहिलं, मग काकूंकडे. "तुम्ही दोघींनी आधीच ठरवून ठेवलंय का? म्हाताऱ्याचं मन राखायला?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "हात गेला माझा, डॉक्टर. टाकी तुम्ही घेऊन जा. माझ्या डोळ्यांदेखत ते मरायला नको."

काकूंनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. नवरा एरवी भांडून भांडून जिंकायचा. असा हार मानलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"नेते," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण पांढऱ्या टोकावर जीव आहे का, ते तर बघू."

काकांनी टोकाचा एक तुकडा चिमट्याने मोडला. तो वर घेताना निसटला, पाण्यात पडला, आणि खारं पाणी उडून थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. रंग ते नेहमी उजव्याच डोळ्याने पारखायचे, डावा मिटून, दुकानातली सवय; भिंगही त्याच डोळ्याला लावायचे. आता उजवा झोंबत होता. चरफडत त्यांनी तुकडा पुन्हा उचलला आणि भिंग डाव्याला लावलं.

टोकाच्या भोकांत इवले जीव अंग चोरून बसले होते, रंग गेलेले, पण होते. आणि खाली, मोडलेल्या बाजूकडे, जांभळं. दुसरा शब्दच नाही.

काकांनी उजवा डोळा पुसून उघडला आणि डावा मिटला. चहाचा चोथा. पुन्हा उलट केलं. जांभळं.

"अहो, डॉक्टरांकडे बघून डोळे काय मिचकावताय?" काकू म्हणाल्या.

काका मटकन स्टुलावर बसले. त्यांनी सांगितलं तेव्हा बाईंना हसू आवरेना. "मोतीबिंदू, काका. डोळ्यांतली भिंगं पिवळट होत जातात, निळं-जांभळं आधी जातं. उजवा जास्त झालाय, डावाही थोडा असेल. माझ्या वडिलांचं अगदी असंच झालं होतं."

"म्हणजे ते बिघडलं नाही, मी बिघडलोय?"

"हो."

"वा," काका म्हणाले. आपल्याला मोतीबिंदू झालाय हे ऐकून इतका खूष झालेला माणूस बाईंनी पाहिला नव्हता. "डोळ्याचं ऑपरेशन होतं हो. झुडपाचं कुठलं व्हायला!"

पण जीव अर्धाच भांड्यात पडला होता. टोकं काकांनी स्वतःच्या हाताने भाजली होती. पांढऱ्यावर हिरवं शेवाळ धरलं तर तेवढं मेलं म्हणायचं, नाही धरलं तर रंग परत येईल, असं बाई सांगून गेल्या. आता हिरवं आणि पांढरं ओळखायचं कुणी? काकांनी दोन दिवस डाव्या डोळ्याने बघून पाहिलं, पण त्याचीही आता त्यांना खात्री वाटेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना हाक मारली.

"अगं, जरा बघ आणि सांग."

मग रोज सकाळी काकू भिंग घेऊन बसायच्या आणि काका त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. "हिरवं नाही काही," त्या म्हणायच्या. "नक्की?" "नक्की." आणि काका, ज्यांनी कुणाच्याही डोळ्यावर कधी भरवसा ठेवला नव्हता, मुकाट्याने चहाला जायचे.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पट्टी निघाली. काका घरी आले ते पायांतले जोडेही न काढता टाकीसमोर गेले. झुडूप खालून वरपर्यंत भरगच्च उभं होतं. टोकं फिकी होती, पण पांढरी नव्हती. शेवाळाचा मागमूस नव्हता, आणि भोकाभोकांतून इवले हात बाहेर आले होते. वाचलं होतं. काकांना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"पुरे, डोळ्यांत औषध घातलंय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांचे गाल पदराने टिपले. "दिसतोय ना रंग?"

"आधी तू सांग, कुठला ते."

काकूंनी वाकून नीट पाहिलं.

"जांभळा. टोकांना फिका, आत गडद."

"बरोबर," काका म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात रंगाच्या बाबतीत त्यांनी बायकोला हा शब्द पहिल्यांदाच वापरला होता.