निशिगंधाताईंकडे राहून गेलेला अधिकार

मी अधिकार बोलतोय. घाबरू नका, घाबरलोय मीच. चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या डेटाबेसमध्ये मी राहतो. ज्याच्या नावाला मी जोडलेला, त्याला कुठलीही नोंद बदलता येते, पुसता येते, निघालेला माल अडवता येतो.

मला तयार केलं कॉम्प्युटर विभागातल्या भीमराजनं, फक्त स्वतःसाठी. मागच्या दिवाळीआधी तपासणीतल्या निशिगंधाताईंची एक बॅच चुकीच्या नंबरानं चढली. तेवढ्याच दुरुस्तीपुरता नवा अधिकार बनवायचा, तर साहेबांची परवानगी हवी. इकडे भीमराजची बस सुटत होती. "ताई, आत्ता माझाच सगळा देऊन टाकतो, उद्या काढून घेतो," म्हणाला. त्याला आठ महिने झाले बघा!

त्यात आमच्या लाइनवरची रीत अशी, की एकदा उघडलेलं लॉगिन शिफ्टभर कुणी बंद करत नाही. पुन्हा उघडायला पाच मिनिटं जातात आणि टार्गेट बोंबलतं.

आज ताई जेवायला गेल्या आणि सुपरवायझर ज्ञानदेव त्यांच्या खुर्चीत बसला. ट्रक भरून उभा होता, आणि त्यातले तीनशे चाळीस भाग ताईंनी नुकतेच नापास केले होते. यानं सगळे 'पास' करून टाकले. अहो, मी काय करणार? मला नाही म्हणताच येत नाही. नोंदीला नाव लागलं ताईंचं.

ताई परतल्या, कॉम्प्युटरचा स्क्रीन बघितला. त्यांनी भीमराजला फोन लावला. "दादा, हे मी केलं नाही हो! चिरा गेलेले भाग आहेत ते. कुणाचा तरी जीव जाईल!"

भीमराजला आधी नोकरी आठवली. "ताई, आधी तुमचा अधिकार काढतो. साहेबांना कळलं तर दोघांची नोकरी जाईल."

"थांबा! तो काढलात तर ट्रक अडवू कशानं?"

"ताई, गप ऱ्हावा," ज्ञानदेव शेजारून पुटपुटला. "नाव तर तुमचंच लागलंय."

काळेवाडीतलं घर ताईंच्या एकटीच्या पगारावर चालतं. तरी त्यांनी मलाच वापरून माल अडवला. ट्रक गेटवरच राहिला.

उद्या चौकशी आहे. पास केल्याची नोंद ताईंच्या नावावर, अडवल्याचीही त्यांच्याच. ज्ञानदेवचं नाव कुठेच नाही. साहेब, मला खुशाल काढून घ्या. पण जेवणाच्या सुट्टीत त्या खुर्चीत कोण बसलं होतं, हे लाइनवरच्या माणसांना एकदा विचारा. त्यांनी बघितलंय, आणि ती सगळी गप्प आहेत.