रस्ता मोकळा आहे

मी एक जुना फलक आहे. दिव्यांची अक्षरं उमटणारा, रस्त्यावरचा. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना बडनेऱ्याच्या पुढे एक वळण लागतं, त्याच्या अलीकडे माझा उंच खांब आहे.

मित्रांनो, वळणापलीकडे कॅमेरे होते. तिकडे काही अडलं की लगेच माझ्या अंगावर अक्षरं येत, 'पुढे वाहन उभे. वेग कमी करा.' पहिल्याच वर्षी अब्दुल गफ्फार ट्रकवाले ते वाचून थांबले. पुढे टँकर उलटला होता. खाली उतरून म्हणाले, "जान वाचवली रे बाबा!" तेव्हापासून जाता-येता ते मला हॉर्न देत.

मग कुणीतरी पाइपासाठी खोदलं आणि कॅमेऱ्यांकडून माझ्याकडे येणारी केबल तुटली. तेव्हा अंगावर जी अक्षरं होती, ती तशीच राहिली : 'पुढील रस्ता मोकळा आहे.'

रस्ते खात्याचे साहेब आले, फोटो काढून गेले. वर्ष गेलं.

त्या साली बोंडअळीनं निम्मा कापूस खाल्ला होता. उरलेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून शेतकरी नत्थुजी आणि त्यांची बायको पार्वताबाई अकोल्याला विकायला निघाले. सकाळचं धुकं होतं. नेमका वळणापलीकडे ट्रॅक्टर बंद पडला. मागून गफ्फारभाईंचा ट्रक आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला नाही. मला ओरडता आलं असतं तर!

रस्ताभर कापूस पसरला. नत्थुजींचा पाय गेला.

महिन्याभरानं साहेब पुन्हा आले, तेव्हा पार्वताबाई माझ्याखाली उभी होती. "दुरुस्त होत नसन तं बंद तं करा ना! खोटं काहून बोलवता याले?"

"दुरुस्तीचा ठेका संपला, बाई. नवा निघाला की पाहू."

जीप निघून गेली. रस्त्याकडेला ट्रक लावून थांबलेले गफ्फारभाई पुढे आले आणि मान खाली घालून म्हणाले, "माय, म्या याच्यावरच भरोसा ठेवला होता."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताडपत्री हाये का तुमच्यापाशी?"

गफ्फारभाई ट्रकमधली ताडपत्री घेऊन खांबावर चढले. पार्वताबाईनं खालून दोर दिला. दोघांनी मिळून माझं तोंड करकचून बांधलं.

मित्रांनो, नवं यंत्र बसवाल तेव्हा ते सांभाळणारा माणूसही नेमा. लोक आमच्यावर विश्वास टाकतात. माझे कॅमेरे अजून शाबूत आहेत. हातभर केबल जोडायची आहे. ताडपत्रीच्या आत मी अजून तेच वाक्य उजळतो आहे. निदान ते आता कुणाला दिसत नाही.